शिकाऊ उमेदवारी: आधी करार, मग कंपनीचं गेट

मी तालुक्याच्या गावातल्या एका आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक आहे. दर पावसाळ्यात निकाल लागला की पोरं-पोरी आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी फिटरचा एक मुलगा आला होता. त्याने एका कारखान्यात आठ महिने काढले होते, एकही दिवस दांडी नाही. शिकाऊ उमेदवारी संपल्यावरच्या परीक्षेचा फॉर्म कधी निघतो, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी करार क्रमांक मागितला, तर त्याला तो शब्दच माहीत नव्हता. त्याचा करार कधी झालाच नव्हता. कारखान्याच्या दृष्टीने तो शिकाऊ उमेदवार नव्हताच, रोजंदारीवरचा हेल्पर होता. आठ महिने फुकट गेले.

अशी चूक दरवर्षी होते, आणि पोरांच्या आळसामुळे होत नाही. कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हा क्रम लिहून काढतो आहे. एकेक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका.

## टप्पा १: आपलं दार कोणतं ते ठरवा

'अ‍ॅप्रेंटिस' म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टी बोलतात.

पहिली गोष्ट १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची उमेदवारी. आठवी, दहावी, बारावी आणि आयटीआय झालेल्यांसाठी तिची नोंदणी 'अ‍ॅप्रेंटिसशिप इंडिया' पोर्टलवर होते. दुसरी पदविका आणि पदवीधारकांची. कायदा तोच, पण पोर्टल 'नॅट्स' हे वेगळं, आणि आपल्या भागासाठी तिचा कारभार मुंबईत सायनला असलेलं पश्चिम विभागाचं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ, म्हणजे 'बोट', पाहतं. तिसरी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. राज्य सरकारने ती जुलै २०२४ मध्ये १८ ते ३५ वयाच्या तरुणांसाठी आणली. तिची नोंदणी महास्वयम् पोर्टलवर होते आणि विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय वा पदविकेला ८,००० व पदवीला १०,००० रुपये असं ठरलं.

तिसऱ्या दाराने कामाचा अनुभव मिळतो, पण शिकाऊ उमेदवारीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही. आयटीआय झालेल्याने आधी पहिलं दार ठोठवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हा लेख मुख्यतः त्याच दाराबद्दल आहे.

तपासा: वय किमान १४ पूर्ण हवं, धोक्याच्या व्यवसायांत १८. वरची मर्यादा जाहिरातीनुसार बदलते. रेल्वेत ती साधारण २४ असते आणि राखीव गटांना सवलत मिळते. 'नॅट्स'मध्ये उत्तीर्ण होऊन पाच वर्षांच्या आत यावं लागतं.

सावधान: पदवी वा पदविकाधारकाने एक वर्ष किंवा जास्त नोकरी केली असेल तर तो 'नॅट्स'ला अपात्र ठरतो. छाप पडावी म्हणून अर्जात खोटा अनुभव लिहिणारे स्वतःच्या हाताने दार बंद करून घेतात.

## टप्पा २: आधार, नाव आणि मोबाइल नंबर

पोर्टल तुमचं नाव आणि जन्मतारीख थेट आधारवरून उचलतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, एवढा फरक सहसा चालतो. पण एका कागदावर वडिलांचं नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, किंवा 'गणेश'चं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं आहे, हे मात्र पुढे प्रमाणपत्राच्या वेळी अडतं. लग्न झालेल्या मुलींचं आधार सासरच्या नावाने आणि गुणपत्रिका माहेरच्या नावाने असते. त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत जवळ ठेवावी.

दहावीचं प्रमाणपत्र मूळ धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, उलटं करू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. सेतू केंद्रावर घाईत अर्ज भरताना प्रत्येक अक्षर स्वतः वाचा.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर तुमच्या किंवा घरातल्या माणसाच्या खिशात असला पाहिजे. करारापासून परीक्षेपर्यंत ओटीपी त्याच नंबरवर येतो. रिचार्ज संपून बंद पडलेला जुना नंबर जोडलेला असेल तर तो आजच बदला.

## टप्पा ३: बँक खातं, इथे घाई नको

सर्वांत जास्त पैसे या टप्प्यावर अडकतात, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

सरकारचा विद्यावेतनातला वाटा आधारच्या आधारे जमा होतो. 'माझं आधार बँकेत दिलेलं आहे' असं प्रत्येक जण म्हणतो. पण खातं उघडताना ओळखीसाठी दिलेलं आधार वेगळं आणि सरकारी पैसे याच खात्यात यावेत म्हणून केलेलं 'सीडिंग' वेगळं. सीडिंग झालं नसेल तर पासबुकावर आधार छापलेलं असूनही पैसा येत नाही. तुमची दोन-तीन खाती असतील तर ज्या खात्याचं सीडिंग सर्वांत शेवटी झालं, त्यात पैसा जातो. एका मुलीचे चार महिन्यांचे पैसे तिच्या शाळेच्या शिष्यवृत्तीच्या खात्यात पडून होते आणि ती नव्या खात्याचं पासबुक दर आठवड्याला भरून आणत होती.

क्रम असा ठेवा:

१. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. कुठली बँक दिसते आणि स्थिती 'अ‍ॅक्टिव्ह' आहे का, ते पाहा.

२. दिसणारी बँक नको असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा. पोच घ्या.

३. आठवडाभराने पुन्हा स्थिती पाहा. बँकेतल्या माणसाच्या 'झालं' या शब्दावर थांबू नका.

४. शाळेत असताना वडिलांच्या सहीने उघडलेलं अज्ञान खातं असेल तर १८ पूर्ण झाल्यावर ते सज्ञान करून घ्या. तोवर तुमच्या सहीने व्यवहार होत नाही.

५. कमी कागदपत्रांवर उघडलेलं लघु खातं असेल तर पूर्ण केवायसी करा. अशा खात्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला दहा हजारांपेक्षा जास्त काढता येत नाही. ९,००० च्या विद्यावेतनाचे वर्षाचे १,०८,००० होतात, म्हणजे शेवटच्या महिन्यात खातं अडतं.

तपासा: खात्यात शंभर रुपये भरा आणि ते काढून पाहा. बंद पडलेलं खातं असं लगेच कळतं.

## टप्पा ४: पोर्टलवरची नोंदणी

सायबर कॅफेत बसून नोंदणी करायला हरकत नाही, पण ईमेल तुमचाच द्या. कॅफेवाल्याचा ईमेल टाकलेली निदान डझनभर मुलं मी पाहिली आहेत. ऑफर लेटर त्या ईमेलवर येतं, कॅफेवाला दुकान बदलतो आणि पोरगा वाट पाहत बसतो. ईमेल आणि पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

कागद आधीच स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा: दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका, जातीचा दाखला, अधिवास, फोटो, पासबुकाचं पहिलं पान. दिव्यांग असाल तर यूडीआयडी कार्ड. फोन आडवा धरून, दिव्याची सावली पाडून काढलेले फोटो अपलोड करू नका. अर्ज तपासणारे लोक ते वाचूही शकत नाहीत.

व्यवसायाचं नाव निवडताना थांबा. 'इलेक्ट्रिशियन' आणि 'वायरमन' वेगळे आहेत, 'फिटर' आणि 'मेकॅनिक' वेगळे आहेत. तुमच्या प्रमाणपत्रावर जे छापलं आहे तेच निवडा.

## टप्पा ५: जागा शोधणं

३० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्क्यांत ती घेऊ शकते. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. त्यामुळे फक्त मोठ्या नावांमागे धावू नका. तालुक्यातला ट्रॅक्टरचा शोरूम, साखर कारखाना, दूध संघ, छापखाना, सगळ्यांकडे विचारा. घराजवळची जागा मिळाली तर खोलीभाडं वाचतं, आणि पैशाअभावी मध्येच सोडून येणाऱ्या पोरांमध्ये बाहेरगावी गेलेलेच जास्त असतात.

मोठ्या भरतीत प्रत्येकाची पद्धत वेगळी आहे. रेल्वेत बहुतेक वेळा परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. माझगाव डॉक आणि नौदल गोदी लेखी परीक्षा घेतात. एसटीचे विभाग आणि महावितरणची मंडळ कार्यालयं आपापल्या जाहिराती काढतात, आणि इथेच सर्वांत जास्त अर्ज बाद होतात: मुलं पोर्टलवर अर्ज करून थांबतात, पण जाहिरातीत विभागीय कार्यालयात कागद जमा करायलाही सांगितलेलं असतं. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वाचून झाली की 'पोर्टलवर काय' आणि 'कार्यालयात काय' असे दोन रकाने करून उतरवा.

सावधान: अर्जाचं अधिकृत शुल्क जाहिरातीत लिहिलेलं असतं. त्याव्यतिरिक्त 'डिपॉझिट', 'सेटिंग', 'युनिफॉर्मचे आगाऊ' म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. एमआयडीसीच्या गेटवर उभे राहणारे एजंट 'अ‍ॅप्रेंटिस लावतो' म्हणून हेल्पर लावतात.

## टप्पा ६: करार, सगळा भार यावर आहे

एका आईने मला विचारलं होतं, "सर, पोरगं रोज कामाला जातंय, सायेब चांगले आहेत, मग कागद कशाला?" मी त्यांना विचारलं, "ताई, उद्या मशीनवर बोट गेलं तर?" कायद्याप्रमाणे प्रशिक्षणात इजा झाली तर शिकाऊ उमेदवाराला कामगारांच्या भरपाईच्या कायद्यानुसार मालकाने भरपाई द्यायची असते. पण तुम्ही शिकाऊ उमेदवार आहात हे दाखवायला कागद लागतो, आणि तो कागद म्हणजे नोंदवलेला करार.

क्रम असा: कंपनी पोर्टलवर जागा टाकते, तुम्ही अर्ज करता, कंपनी ऑफर पाठवते, तुम्ही ती स्वीकारता, कंपनी करार तयार करते, तुम्ही तो मान्य करता, आणि मंजुरीनंतर करार क्रमांक पडतो. १८ पूर्ण नसतील तर पालकाची सहीही लागते. पोराने ऑफर स्वीकारली म्हणजे करार झाला असं नाही. ऑफर आणि करार यांच्यामध्येच माणसं अडकतात, कारण दोन्ही वेळा पोर्टलवर हिरवी खूण दिसते.

मान्य करण्याआधी करारातल्या पाच गोष्टी बोट ठेवून वाचा:

आस्थापनेचं नाव आणि पत्ता. तुम्ही प्रत्यक्ष जिथे जाणार तेच आहे ना? ठेकेदाराचं नाव असेल तर विचारा.

व्यवसाय. फिटर असताना 'पॅकिंग' लिहिलेलं असेल तर सही नको.

सुरुवात आणि शेवटची तारीख. उमेदवारी ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंतची असते. तुमच्या व्यवसायाला किती हवी ते आयटीआयमध्ये विचारून घ्या.

विद्यावेतनाचा आकडा. २०१९ च्या नियमांनी ठरवलेलं किमान असं: पाचवी ते नववी ५,०००, दहावी ६,०००, बारावी आणि आयटीआय ७,०००, पदविका ८,०००, पदवी ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली, तेव्हा सही करताना त्या दिवशी लागू असलेला दर पोर्टलवर पाहा.

बँक खात्याचा क्रमांक. एक आकडा चुकला तरी महिने जातात.

सावधान: "आधी कामाला लाग, करार मागच्या तारखेने करू" हे वाक्य ऐकलं की नम्रपणे थांबा. "साहेब, करार क्रमांक आला की त्याच दिवशी हजर होतो" एवढंच म्हणा. चांगली कंपनी यावर रागावत नाही. परीक्षेची पात्रता करारातल्या तारखांवर मोजली जाते, तुम्ही गेटमधून आत गेलात त्या दिवसापासून नाही.

तपासा: मंजूर कराराची पीडीएफ उतरवली? छापून एक प्रत घरी ठेवली? क्रमांक वहीत लिहिला?

## टप्पा ७: पहिल्या दीड महिन्याचं पैशांचं गणित

विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायचं असतं. म्हणजे १ ऑगस्टला हजर झालेल्याला पहिला पैसा १० सप्टेंबरला दिसतो. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, कुठेही खोली घ्यायची तर तोवरचं भाडं, मेस आणि बसभाडं घरूनच न्यावं लागतं. हजर होण्याआधी कंपनीला तीन प्रश्न विचारा: कॅन्टीन आहे का, बस आहे का, सुरक्षा बूट कोण देतं? या तीन उत्तरांवर ७,००० मध्ये भागतं की नाही ते ठरतं.

आता सर्वांत जास्त गैरसमज असलेली गोष्ट. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचे २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये देतं, आणि ऑगस्ट २०२३ पासून ते थेट उमेदवाराच्या खात्यात येतात. तेव्हा ७,००० च्या करारात कंपनीकडून ५,५०० आणि सरकारकडून १,५०० असे दोन वेगळे जमा दिसू शकतात. ५,५०० पाहून कंपनीने पैसे कापले म्हणून भांडायला जाऊ नका. सरकारचा वाटा कंपनीने आपला वाटा दिल्याचं पोर्टलवर दाखवल्यावर येतो, म्हणून तो मागाहून येतो. 'नॅट्स'मध्ये हा सरकारी वाटा किमान विद्यावेतनाच्या निम्मा असतो.

तपासा: शिकाऊ उमेदवाराला भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय लागू होत नाही. तुमच्या पैशांतून पीएफ कापला जात असेल तर कंपनीने तुम्हाला शिकाऊ उमेदवार म्हणून धरलेलंच नाही. त्याच दिवशी करार क्रमांक घेऊन एचआरला विचारा.

## टप्पा ८: कामावर, रोजची वही

कामाची रोजची नोंद ठेवणं हे उमेदवाराचं काम आहे. 'आज मशीनवर काम केलं' ही नोंद नव्हे. अशी लिहा: 'लेथवर २५ मिमी शाफ्ट टर्निंग, व्हर्नियरने मोजलं, दोन जॉब ओव्हरसाइज गेले, टूलची उंची चुकली होती.' चार ओळी पुरतात. दर शनिवारी सुपरवायझरची सही घ्या. महिन्याभराच्या सह्या एकदम घेतो म्हणणाऱ्यांची वही शेवटी कोरीच राहते.

दोन महिने सलग फक्त माल उचलणं आणि झाडलोट असं चाललं असेल तर बोला. आधी सुपरवायझरशी तोंडी. मग एचआरला लेखी, वहीतल्या तारखा देऊन. तरीही काही हललं नाही तर जिल्ह्यातल्या मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात, ज्याला सगळे 'बीटीआरआय' म्हणतात, तिथल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या, म्हणजे उमेदवारीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात. वही हाच तिथे तुमचा पुरावा असतो.

ओव्हरटाइम सल्लागाराच्या परवानगीशिवाय उमेदवाराकडून करून घेता येत नाही, आणि उमेदवारानेही स्वतःहून करायचा नसतो. चार पैसे जास्त मिळतात म्हणून पोरं थांबतात आणि थकलेल्या हातांनी मशीन चालवतात. मला याची फार भीती वाटते.

हजेरी रोज आपल्या डोळ्यांसमोर लागते का ते पाहा. अंगठ्याचं मशीन बंद असेल त्या दिवशी रजिस्टरवर सही करा.

## टप्पा ९: मध्येच सोडावं लागलं तर

घरी आजारपण, मार, छळ, दुसरी नोकरी, कारण काहीही असू शकतं. पण नुसतं जाणं बंद करू नका. तुमचा करार पोर्टलवर चालूच राहतो आणि दुसरीकडे नवा करार होत नाही. कंपनीला लेखी अर्ज द्या, करार पोर्टलवर संपुष्टात आणून घ्या, आणि स्थिती बदललेली स्वतः पाहा. कंपनी टाळाटाळ करत असेल तर तीच तक्रार सल्लागारांकडे न्या.

एक लक्षात ठेवा: बहुतेक जाहिरातींत आधी उमेदवारी केलेला चालत नाही अशी अट असते. त्यामुळे करार मोडण्याआधी पुन्हा एकदा आपल्या निदेशकाशी बोला. पुष्कळदा अडचण खोलीच्या भाड्याची किंवा शिफ्टची असते आणि ती सुटण्यासारखी असते.

## टप्पा १०: परीक्षा आणि प्रमाणपत्र

निर्दिष्ट व्यवसायांत, म्हणजे कायद्याखाली सरकारने ठरवून दिलेल्या फिटर, इलेक्ट्रिशियन अशा व्यवसायांत, मुदत संपली की अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा द्यावी लागते आणि ती उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. कंपनीच्या लेटरहेडवरचं अनुभवपत्र वेगळं. तेही घ्या, पण ते याची जागा घेत नाही. रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी असतात, आणि तिथे हेच प्रमाणपत्र दाखवावं लागतं.

परीक्षेचा अर्ज कंपनी भरते. शेवटचे दोन महिने उरले की एचआरला स्वतः जाऊन विचारा, कारण अर्जाची तारीख गेली तर पुढच्या परीक्षेपर्यंत थांबावं लागतं. हॉल तिकिटावरचं नाव, जन्मतारीख, फोटो आणि व्यवसाय मिळालेल्या दिवशीच तपासा. परीक्षेनंतर दुरुस्ती करायला निघालेली मुलं मुंबईपर्यंत हेलपाटे घालताना मी पाहिली आहेत.

कायद्याप्रमाणे मुदत संपल्यावर नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही, आणि तुमच्यावरही तिथेच राहण्याचं बंधन नाही, करारात तसं लिहिलेलं नसेल तर. म्हणून शेवटच्या महिन्यात आणखी दोन-तीन ठिकाणी अर्ज करून ठेवा.

शेवटच्या दिवशी गेटपास परत करण्याआधी या चार गोष्टी हातात आहेत का पाहा: पूर्ण झाल्याची नोंद असलेल्या कराराची प्रत, सह्या असलेली वही, शेवटच्या महिन्याचं विद्यावेतन कधी जमा होणार त्याची तारीख, आणि एचआरमधल्या त्या माणसाचा नंबर जो परीक्षेचा अर्ज भरणार आहे.